घरवालीचं ना-हरकत प्रमाणपत्र

देहविक्रीचा धंदा सोडायचाय? खुशाल सोडा! सरकार वाटच बघतंय. फक्त येताना कागद आणा.

"व्यवसाय?" टेबलामागचे साहेब विचारतात.

"सोडलाय, साहेब."

"सोडलाय? मग तुम्ही योजनेत बसत नाही."

"बरं, चालू आहे लिहा."

"चालू आहे तर पुनर्वसन कसलं करायचं, बाई? आणि रहिवासी दाखला?"

"खोली कोठ्याच्या घरवालीची आहे."

"मग तिचं ना-हरकत प्रमाणपत्र जोडा."

घरवालीची हरकत नसती तर बाई इथवर आली असती का, असला खोचक प्रश्न आपण विचारू नये. साहेबांना चहाला जायचं असतं.

योजना नाही असं मात्र कुणी म्हणू नका. २००७ साली केंद्रानं या बायकांसाठी 'उज्ज्वला' काढली. २०१६ साली त्याच नावानं गॅसजोडणी आली. तेव्हापासून उज्ज्वला म्हटलं की लोक सिलिंडर दाखवतात. २०२२ मध्ये बायकांची उज्ज्वला 'शक्ती सदन'मध्ये विलीन झाली. पाट्या रंगवणाऱ्याचं पुनर्वसन तेवढं पक्कं झालं.

अर्जाची कटकट नको असेल तर धाडीची वाट पाहा. त्याला सरकारी भाषेत 'सुटका' म्हणतात. १९५६च्या देहव्यापारविरोधी कायद्याप्रमाणे सुटलेल्या बाईला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. बाहेरून कुलूप, आत संरक्षण. २०२०मध्ये अशाच तीन सज्ञान तरुणींना या सुटकेतून सुटण्यासाठी मुंबई उच्च न्यायालय गाठावं लागलं. हा व्यवसाय करणं हा कायद्यानं गुन्हा नाही, हे न्यायालयानं सांगितलं, तेव्हा कुठे त्या घरी जायला मोकळ्या झाल्या.

एकदाच सरकार चुकून शहाण्यासारखं वागलं. करोनात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की या बायकांना ओळखपत्र न मागता रेशन द्या. महाराष्ट्रानं वर ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० असे तीन महिने दरमहा पाच हजार रुपये रोख मंजूर केले, शाळकरी मुलं असतील तर अडीच हजार जादा. ना पापड लाटायचं प्रशिक्षण, ना उद्‌घाटनाची फीत. जानेवारीत साथ होती, भूकही होती. मदतीची मुदत तेवढी संपली.

आता पुन्हा पुनर्वसन म्हणजे शिलाई मशीन. पिको-फॉल शिकायला सहा महिने, गिऱ्हाईक जमायला वर्ष. खोलीचं भाडं मात्र एक तारखेला.

तेव्हा साहेब, मशीन राहू द्या. बाईला आधी तिच्या नावाची खोली द्या आणि वर्षभराचा किराणा भरा. शिवायचं काय ते ती नंतर ठरवेल.