चार्जरचं सोवळं

मराठी घरातली बरीचशी सोवळी-ओवळी गेली. बिर्याणीचं पार्सल हल्ली देवघरासमोरून स्वयंपाकघरात जातं आणि कुणी हूं की चूं करत नाही. शिल्लक राहिलंय एकच सोवळं, चार्जरचं. ते मात्र कडक.

आमच्या शेजारच्या काकांकडे गेलात आणि तुमचा फोन दोन टक्क्यांवर धापा टाकत असला, तरी आधी कुळाची चौकशी होते. "कुठला तुमचा? सॅमसंग? मग नाही हो जमायचं. आमच्याकडे सगळे वनप्लसवाले." दोन्हींचं तोंड टाइप-सीच, पण गोत्र जुळत नाही. नाइलाजाने लावू दिलाच, तर काका शेजारी बसून राहतात. बॅटरी फुगली तर साक्षीदार हवा ना!

काकांना कुणी सांगावं की चार्जर फोनमध्ये वीज कोंबत नसतो? चार्जरवर लिहिलेले अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, एवढंच. घ्यायचं किती, ते फोन ठरवतो. 'पॉवर डिलिव्हरी' जाणणारे फोन आणि चार्जर तर जोडल्याबरोबर आपसात बोलणी करतात. चार्जर म्हणतो, माझ्याकडे ५ आहेत, ९ आहेत, १५ आणि २० व्होल्टही आहेत. फोन त्याला झेपेल तेवढे मागतो. बोलणी होईपर्यंत मामला ५ व्होल्टवरच असतो आणि भाषा जुळली नाही तर तिथेच थांबतो. म्हणून लॅपटॉपचा ६५ वॅटचा चांगला चार्जर फोनला लावला तरी काही जळत नाही. उलट, आपल्या खास पद्धतीने ८० वॅट घेणारा फोन परक्या चार्जरवर रडतखडत भरतो. नुकसान होतं ते वेळेचं. पण 'सुपरफास्ट'ची अक्षरं दिसली नाहीत की काकांचा रक्तदाब वाढतो.

याच काकांचा मूळ चार्जर गेल्या पावसाळ्यात मेला. नवा त्यांनी लोकलच्या डब्यात घेतला, घासाघीस करून दीडशेला. "ओरिजिनल आहे, हे बघ नाव." नाव होतं खरं, शेवटचं अक्षर जरा लवंडलेलं. हातात घेतला तर आत काही आहे की नाही अशी शंका यावी, इतका हलका. भिंतीतले २३० व्होल्ट आणि काकांचा अंगठा यांच्यामध्ये जे इन्सुलेशन लागतं, त्यावरच अशा मालात काटकसर केलेली असते. पण नाव जुळलं, सोवळं राखलं! आता तो चार्जर रात्रभर गादीवर, फोन उशीखाली, आणि सकाळी तक्रार, "या फोनची बॅटरीच तापट."

तारेकडे तर कुणी बघतही नाही. गुगलमधले इंजिनिअर बेन्सन लियुंग बाजारातल्या टाइप-सी केबली तपासत होते. २०१६ मध्ये अशाच एका केबलीने त्यांचा लॅपटॉप निकामी केला. दोष परक्या ब्रँडचा नव्हता. आतल्या तारा उलट जोडल्या होत्या.

हे सोवळं शिकवलं कुणी, तर कंपन्यांनी. 'फक्त आमचाच चार्जर वापरा' असं वर्षानुवर्षं बजावलं आणि मग तो खोक्यातूनच काढून घेतला. ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ बरोबर ही सुरुवात केली, कारण दिलं पर्यावरणाचं. सॅमसंगने पुढच्याच वर्षी गॅलॅक्सी एस २१ पासून तेच केलं. खोकं बारीक झालं. पर्यावरण वाचवायची एवढी कळकळ किमतीत मात्र कुठे दिसली नाही. ब्राझीलच्या सरकारला हा त्याग काही पटेना. २०२२ मध्ये त्यांनी ॲपलला दंड ठोठावला आणि चार्जरविना आयफोन विकायला बंदी केली. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं केलं, म्हणजे कुणाचाही धड चार्जर कुणालाही चालावा. हे मोठं धर्मसंकट. वेगळं तोंड नाही, तर वेगळं कुळ दाखवायचं कसं?

आपल्याकडे सोय आहे, वापरत नाही इतकंच. चार्जरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरच्या पाठीवर मानक चिन्हाबरोबर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की बनवणाऱ्याची नोंद समोर येते. पण तो छापतात इतका बारीक, की सोवळ्याने वाचायचा तरी चष्मा हवा. काकांनी वाचायला घेतला होता. चार्जरवर क्रमांकच नव्हता. "राहिला असेल छापायचा," म्हणाले.

तुम्ही तेवढे उदार होऊ नका. आज घरातला प्रत्येक चार्जर उलटा करून बघा. क्रमांक असेल, अंगावर वितळल्याची खूण नसेल, तर कुठल्याही कंपनीचा असो, पाहुण्याला खुशाल द्या. क्रमांक नसेल तर ई-कचऱ्यात टाका, मग नाव कितीही मोठं असो. आणि फोन भरताना तेवढा उशीखालून बाहेर काढा.