झोपेचं सोंग

झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. सांगणाऱ्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, हे उघड आहे. कॉम्प्युटरचं नेमकं उलटं असतं. खरोखर झोपलेल्याला ब्रह्मदेवही उठवू शकत नाही. हाकेला उठतो तो सोंग घेतलेलाच. ऑफिसात बसून घरचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून चालू-बंद करण्याचं एवढं कौतुक होतं, त्याचं सारं इंगित या सोंगात आहे. माझं म्हणणं इतकंच, की या सोयीच्या मोबदल्यात आपण ‘बंद’ ही अवस्थाच विकून बसतो.

दुरून उठवण्याच्या या विद्येला ‘वेक-ऑन-लॅन’ म्हणतात. १९९५ च्या सुमारास तिची मांडणी झाली आणि तिच्या संदेशाचं नाव पडलं ‘मॅजिक पॅकेट’. जादू काय, तर आधी २५५ हा आकडा ६ वेळा आणि मग त्या यंत्राचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचं जन्मनाव, लागोपाठ १६ वेळा. एकूण १०२ बाइट. दहावीतल्या मुलाला पहाटे उठवणारी कुठलीही आई हेच करते. दाराची कडी वाजवते आणि मग नावाचा जप लावते. तिने याला कधी जादू म्हटलं नाही. साम्य पुढेही आहे. पॅकेट पोचल्याची पोच यंत्र देत नाही. उठलं की नाही, हे थोड्या वेळाने पुन्हा डोकावूनच कळतं. पण ही हाक ऐकतं कोण? पडदा काळा, पंखा थांबलेला, तरी पॉवर सप्लायमधून पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह वाहत असतो आणि त्यावर नेटवर्क कार्ड कान टवकारून बसलेलं असतं. तेही झोपलं तर सोळा काय, सोळाशे हाका वाया. वीज जाऊन आली, तर अनेक यंत्रं एकदा बटण दाबून सुरू केल्याशिवाय पुन्हा हाकेला ओ देत नाहीत. खरी झोप ती हीच.

आता हाक घरातल्या घरात मारणं सोपं. गावाहून मारायची तर वाटेत राउटर उभा. ही हाक मुळात साऱ्या घराला उद्देशून मारलेली आरोळी असते आणि बाहेरच्या आरोळ्या राउटर सहसा आत घेत नाही. त्याचा दोष नाही. अशाच आरोळ्यांच्या जोरावर लोकांची यंत्रं बंद पाडण्याचे ‘स्मर्फ’ हल्ले नव्वदच्या दशकात झाले आणि १९९९ मध्ये दार मुळातच लावून ठेवायचं ठरलं. त्यात अनेक घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो. शेकडो बिऱ्हाडांच्या चाळीला एकच पत्ता, आणि खोली नंबर पोस्टमनला माहीत नाही! यावर जाणकार उपाय सुचवतात, की रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर घरात चोवीस तास चालू ठेवावा. तो बाहेरचा निरोप घेईल आणि आतून हाक मारील. थोडक्यात, एकाला झोपता यावं म्हणून दुसऱ्याने जागायचं.

कुणी म्हणेल, वीज तर वाचते ना? वाचते. पन्नास वॅट खाणारं यंत्र महिनाभर चालू ठेवलं तर ३६ युनिट जळतात. पाच वॅटचा पहारेकरी साडेतीन-पावणेचार युनिटांत भागवतो. हिशेब मला मान्य आहे, पण तो काटकसरीचा हिशेब झाला, झोपेचा नव्हे. दुसरे म्हणतील, स्मार्ट प्लग लावा, मोबाइलवरून वीजच तोडा. पण कॉम्प्युटर फाइल लिहीत असताना वीज तोडणं म्हणजे अंगाई न गाता डोक्यात वरवंटा घालणं. शिवाय तो प्लगही वाय-फायवर कान लावून जागाच असतो. आणि रीतसर बंद करायला जावं, तर कॉम्प्युटर अर्धवट राहिलेली फाइल पुढे करून ‘सेव्ह करू का?’ असं रिकाम्या खोलीला विचारत बसतो.

याहून सरळ व्यवहार पंढरपुरात आहे. आषाढी-कार्तिकीच्या वारीत विठ्ठलाचा पलंग काढतात. काकड आरती नाही, शेजारती नाही. दर्शन चोवीस तास. गर्दी ओसरली की पलंग पुन्हा येतो आणि देव रीतसर झोपतो. जागायचं तर उघड जागायचं, निजायचं तर खरं निजायचं. आपण मात्र पलंग जागच्या जागी ठेवतो, वर पांघरूण घालतो आणि आत पाच व्होल्टवर टक्क जागं असणाऱ्याला ‘शट डाउन’ म्हणतो.