एक्कावन्नावा मीटर

२०२० च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. म्हणजे वडीगोद्रीसारख्या महामार्गावरच्या गावात पाच रुपयांचे पाकीट एक्कावन्नाव्या मीटरला सात्त्विक होते! ‘लोकांनी वाचून ठरवावे’ म्हणणाऱ्यांनी पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरे एकदा वाचून दाखवावीत. ‘छोटा दुकानदार मरेल’ हा आक्षेप मात्र खरा. म्हणूनच दंडुका कारखान्याच्या दारात हवा. तसे जमतेही. तेल-वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२२ पासून २ टक्क्यांवर आली, तेव्हा कुणा पोराला टेप घेऊन रस्ता मोजावा लागला नाही. त्याच वर्षीच्या सरकारी नियमांच्या मसुद्याने पाकिटावर सरळ इशारा छापण्याऐवजी तारे सुचवले, आणि वाईटातल्या वाईटालाही अर्धा तारा देऊ केला. नापासांचाही सत्कार, तोही सरकारी मसुद्यात!