पाठपुरावेपंत

हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी कंपनीत जा, मजला कुठलाही असो, तिथे एक तरी पाठपुरावेपंत भेटतातच. गळ्यातल्या कार्डावर प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, स्क्रम मास्टर, डिलिव्हरी लीड असं काहीही छापलेलं असेल. विभागाचं नाव पीएमओ. (दिल्लीच्या पीएमओशी संबंध नाही, पण फोन आला की माणसं दचकतात तशीच.) पंत कोड लिहीत नाहीत, टेस्टिंग करत नाहीत, क्लायंटशी भांडतही नाहीत. पंत विचारतात.

सकाळची स्टँडअप मीटिंग हा त्यांचा दरबार. मूळ कल्पना अशी, की सगळ्यांनी उभ्याने पंधरा मिनिटांत आटपायचं, पाय दुखले की बोलणं आपोआप कमी होतं. आता सगळे आपापल्या घरून बसूनच उभे असतात, त्यामुळे पाय दुखायचा प्रश्नच मिटला. पंत स्क्रीन शेअर करतात. कामांचा हिशेब ठेवणारं जिरा नावाचं सॉफ्टवेअर उघडतं, बोर्ड येतो, आणि माउसचा बाण एकेका कार्डावरून हलके हलके फिरू लागतो. तो ज्याच्या कार्डावर थांबतो, त्याचा माइक नेमका तेव्हाच बिघडतो.

"हे कालही इन प्रोग्रेस होतं."

"हो सर."

"आजही इन प्रोग्रेसच आहे."

"हो."

"मग यात प्रोग्रेस काय?"

यावर अनुभवी माणूस एकच उत्तर देतो: "नव्वद टक्के झालंय, सर." नव्वद हा या धंद्यातला सर्वांत सुरक्षित आकडा. ऐंशी म्हणालात तर उरलेल्या विसाचा हिशेब मागतात, पंचाण्णव म्हणालात तर संध्याकाळी डेमो मागतात. बेल लॅब्जच्या टॉम कारगिल यांनी फार पूर्वी सांगून ठेवलंय, की पहिल्या नव्वद टक्के कामाला ठरलेल्या वेळातला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. बेरीज 180 होते ती चूक नव्हे, तोच विनोद आहे. पंतांना तो ऐकवला तर ते विचारतात, "बरं, मग दुसऱ्या नव्वदातले किती झाले?"

'ब्लॉक्ड' म्हटलं की मात्र पंतांचा चेहरा उजळतो. नवख्यांना वाटतं, काम अडलं म्हणजे आता ओरडा बसणार. छे! काम अडलंय म्हणजे कुणामुळे तरी अडलंय, आणि कुणामुळे तरी म्हणजे विचारायला आणखी एक माणूस मिळाला. पंत त्याला टिकिटावर टॅग करतात, खाली 'काइंड रिमाइंडर' लिहितात, दुपारी 'जेंटल रिमाइंडर' लिहितात आणि संध्याकाळी त्याच्या मॅनेजरला सीसीत घेतात. काइंड आणि जेंटल दोन्ही एका दिवसात संपतात.

जिराचा बोर्ड सुरुवातीला साधाच असतो: टू डू, इन प्रोग्रेस, डन. पण त्यात हवी तेवढी स्टेटसं वाढवायची सोय कंपनीने दिली, आणि पंतांनी तिचं सोनं केलं. रेडी फॉर रिव्ह्यू, इन रिव्ह्यू, रिव्ह्यू डन, रेडी फॉर क्यूए, इन क्यूए, क्यूए डन, रेडी फॉर यूएटी... बोर्ड आता आडवा सरकवावा लागतो. 'रिव्ह्यू डन' आणि 'रेडी फॉर क्यूए' यांत फरक काय, असं एका नव्या मुलीने विचारलं होतं. पंतांनी त्यासाठी अर्ध्या तासाची मीटिंग लावली. फरक अजून कुणाला कळलेला नाही, पण शंका विचारणं बंद झालं.

गंमत म्हणजे हे कार्डांचं प्रकरण आलं टोयोटाच्या कारखान्यातून. ताइची ओहनो यांनी तिथे कानबान रुजवलं, ते पसारा आवरायला: पुढच्या टप्प्याकडून कार्ड आल्याशिवाय मागच्याने नवा सुटा भाग बनवायचाच नाही. एका वेळी हातात थोडंच काम, हा त्यातला गाभा. आमच्याकडे कार्डं आली, पण गाभा बहुधा कस्टममध्ये अडकला. एकेकाच्या नावावर सात-सात कार्डं इन प्रोग्रेस, आणि त्यातलं एक तर कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर. पंत त्यालाही टॅग करतात.

पण सगळा दोष पंतांच्या माथी मारणं बरोबर नाही. त्यांना मॅनेजर विचारतो, मॅनेजरला डिलिव्हरी हेड, त्याला क्लायंट. वरून खाली येताना प्रश्न बदलत नाही. उत्तर मात्र खालून वर जाताना सुधारत जातं. डेव्हलपर म्हणतो, "मोठा बग सापडलाय, या आठवड्यात होणार नाही." लीड सांगतो, "थोडी रिस्क आहे, बघतोय." पंत स्टेटसच्या शीटमध्ये ॲम्बर, म्हणजे सावधानतेचा रंग भरतात. मॅनेजर म्हणतो, ॲम्बर दिसला की उगाच कॉल लागतो, सध्या ग्रीनच ठेवा. अशा प्रोजेक्टला या धंद्यात कलिंगड म्हणतात, वरून हिरवं, आतून लालबुंद. पंतांना आतला लाल रंग पक्का ठाऊक असतो. किंबहुना अख्ख्या मजल्यावर तो त्यांनाच सर्वांत आधी कळतो. पण शीटमध्ये तेवढा रकाना नसतो.

घरी तरी हा माणूस सुटतो का? सोसायटीच्या ग्रुपवर पंतांनी एक गुगल शीट टाकलंय. लिफ्ट, ड्रेनेज, गणपतीची वर्गणी, सगळं रकान्यांत. 'टाकी धुणे' याच्यापुढे महिनाभर इन प्रोग्रेस दिसत होतं. शेवटी वॉचमन म्हणाला, "साहेब, टाकी तर मागच्याच रविवारी धुतली की!"

"मग मला सांगितलं का नाही?"

"पाणी स्वच्छ येतंय ना, साहेब."

पंतांच्या लेखी हा पुरावा होत नाही.

मध्यंतरी पंत रजा घेऊन गावी गेले. रेंज नव्हती. इकडे कुणी काही विचारलं नाही आणि कुणी कार्डंही हलवली नाहीत. परत आले तर बोर्ड जसाच्या तसा. मात्र तीन कामं थेट लाइव्ह झालेली आणि क्लायंटचं आभाराचं मेलही आलेलं. पंतांनी मेल वाचलं, बोर्ड पाहिला आणि तातडीने मीटिंग लावली. "काम झालं ते ठीक आहे, पण बोर्डावर कुठे आहे?"

एक जण म्हणाला, "सर, आत्ता डनमध्ये टाकतो."

तेही जमेना. टू डूमधून थेट डनमध्ये उडी मारता येऊ नये, असा नियम पंतांनीच वर्कफ्लोमध्ये घालून ठेवला होता. तेव्हा झालेली तीन कामं पहिल्यापासून, एकेका रकान्यातून, रीतसर न्यायचं ठरलं. पहिलं कार्ड इन प्रोग्रेसमध्ये आलं. त्या मुलाने ते लगेच पुढे ओढायला माउस धरला, तोच पंत म्हणाले, "अरे थांब, थांब! दोन तास तरी राहू दे इथे. नाहीतर सायकल टाइम शून्य दिसेल."