कॅप्टन, बसू का?

अमेरिकेतल्या एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर म्हणून लागलात, अभिनंदन. आत्याने तुमचा गणवेशातला फोटो एव्हाना कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला असेल आणि खाली अंगठ्यांचा पाऊस पडला असेल. त्या ग्रुपवर एक गोष्ट मात्र सांगू नका. कामावर पोचण्यासाठी इथून पुढे दर आठवड्याला तुम्ही परक्या विमानाच्या दाराशी उभं राहून ‘बसू का?’ असं विचारणार आहात.

कारण साधं आहे. कंपनी बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ, देते; घर देत नाही. नव्या माणसाच्या वाट्याला बहुधा न्यूयॉर्कसारखा बेस येतो, कारण ज्येष्ठ मंडळींनी तो टाळलेला असतो. घर टेक्ससमध्ये, कारण तिथे ते परवडतं आणि मुलांची शाळाही तिथेच आहे. मग अप-डाऊन सुरू होतं: विमानाने, स्वतःच्या वेळेत, बिनपगारी. कंपनीने कामासाठी प्रवासी म्हणून कुठे पाठवलं तर पक्की सीट मिळते. घरून कामावर निघालेले तुम्ही मात्र तिकिटाच्या दुनियेत कोणीच नसता.

अशा वेळी आधार जंपसीटचा. कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे एक जादा घडीची खुर्ची असते, मोठ्या विमानांत दोन. मुळात ती सरकारी तपासनीस आणि कंपनीचे परीक्षक यांच्यासाठी. पण ती रिकामी जात असेल तर एकमेकांच्या वैमानिकांना फुकट न्यायचं, असे करार बहुतेक अमेरिकी कंपन्यांनी आपसात केलेले आहेत. मागे केबिनमध्ये सीट शिल्लक असेल तर तिथे बसवतात, नसेल तर ही खुर्ची. फुकट म्हणजे अगदी फुकट. म्हणूनच तिचे मानपान इतके कडक आहेत.

गेटवर

हातात तीन गोष्टी ठेवा: कंपनीचं ओळखपत्र, लायसन्स, मेडिकल. गेट एजंट तुमचा नंबर कॉम्प्युटरवर टाकेल, ‘कॅस’ नावाची यंत्रणा तुमच्या कंपनीकडे विचारणा करेल आणि पडद्यावर तुमचा फोटो येईल. ११ सप्टेंबर २००१ नंतर परक्या कंपनीच्या वैमानिकाला कॉकपिटची दारं बंद झाली होती; ती पुन्हा उघडली या यंत्रणेमुळे. तेव्हा फोटोत दाढी आणि प्रत्यक्षात सफाचट, असे प्रकार शक्यतो टाळा.

गेट एजंट बाई त्या घडीला जगातल्या सगळ्यात कामात असलेल्या बाई असतात. समोर व्हीलचेअर, रडणारं मूल, आणि पुढची फ्लाइट चुकलेलं दांपत्य. त्यांच्या काउंटरवर कोपर टेकवून ‘आज लोड कसं आहे?’ असं हसत विचारणारा जंपसीटर म्हणजे त्यांच्या दृष्टीने चौथी आपत्ती. नाव द्या, ‘थँक यू’ म्हणा, बाजूला जाऊन उभे राहा आणि नजरेच्या टप्प्यात राहा. खिडकीची सीट मागू नका. फर्स्ट क्लासचं नाव तोंडातूनही काढू नका. मिळायचा असेल तर न मागता मिळतो. तुमचं नाव सगळ्यात शेवटी पुकारलं जाईल, दार बंद व्हायच्या जरा आधी. ती दहा मिनिटं कशी काढायची याचं प्रशिक्षण कुठलीही फ्लाइंग स्कूल देत नाही.

दारात

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून नीट वाचा.

विमानात शिरलात की सीटकडे वळायचं नाही. आधी कॉकपिट. मागे सत्ताविसाव्या रांगेत मधली सीट मिळाली असली तरीही आधी कॉकपिट. आत डोकवा, कॅप्टन चेकलिस्टमध्ये गुंतला असेल तर थांबा. त्याने मान वळवली की नाव सांगा, कंपनी सांगा, आणि विचारा: ‘कॅप्टन, तुमच्याबरोबर डॅलसपर्यंत येऊ का?’ त्याच्या कागदावर तुमचं नाव आधीच आलेलं असतं. यंत्रणेने तुम्हाला हिरवा कंदील दिलेला असतो. तरीही विचारायचं. कारण जंपसीटवर कोणाला बसवायचं यात शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो आणि नाही म्हणण्याचं कारण तो तुम्हाला देणं लागत नाही. शंभरातला एखादाच नाही म्हणतो. पण बाकीच्यांनाही आपण नाही म्हणू शकतो हे ठाऊक असणं आवडतं.

न विचारता मागे जाऊन बसलेल्या, वर हेडफोन लावून डोळे मिटलेल्या माणसाला कॅप्टनने उठवून खाली उतरवलं, अशा गोष्टी क्रू रूममध्ये चवीने सांगितल्या जातात. ऐकणारे कधीच उतरवलेल्याची बाजू घेत नाहीत.

विचारायच्या आधी बॅग ठेवू नका. क्रूच्या कपाटात तर नाहीच. आणि फ्लाइट अटेंडंटसाठी चॉकलेटची पिशवी न्या. हा कुठे लिहिलेला नियम नाही. पण ज्याने पिशवी नेली त्याला कॉफी मिळते आणि बॅगेला जागाही सापडते.

खुर्चीवर

७३७ची जंपसीट ज्याने रचली त्याला गुडघे नसावेत. ती भिंतीतून ओढून कॉकपिटच्या दरवाज्याच्या तोंडातच उघडतात. तुम्ही बसलात की दार तुमच्या पाठीला आणि दोन वैमानिकांमधलं रेडिओंचं पॅनेल तुमच्या गुडघ्यांना. याच पॅनेलवर रडर ट्रिमची कळ आहे. गुडघे जवळ धरा. कॅप्टनला टॉयलेटला जायचं झालं की पट्टे सोडा, उठा, खुर्ची मिटवा, अंग चोरा, त्याला जाऊ द्या. तो आला की हीच कवायत उलटी. कॅप्टन वयस्क असेल आणि प्रवास चार तासांचा असेल, तर व्यायाम होतो.

पट्टे कसे बांधायचे आणि ऑक्सिजनचा मास्क कुठे आहे हे समजून घ्या, माहीत असलं तरी. ‘हो हो, मला येतं’ म्हणणारा माणूस कोणालाच आवडत नाही, कॉकपिटमध्ये तर मुळीच नाही.

आपल्या एसटीत चालकाशी बोलू नये अशी पाटी असते आणि तिच्याखालीच केबिनमध्ये बसून कोणीतरी कांद्याच्या भावावर चर्चा करत असतं. इथे ती पाटी म्हणजे १९८१ सालचा कायदा आहे: दहा हजार फुटांच्या खाली कामाव्यतिरिक्त चकार शब्द नाही. विमान जमिनीवर चालत असतानाही नाही. फक्त दुसरं विमान जवळ आलेलं दिसलं, किंवा काही चुकतंय असं वाटलं, तर गप्प राहू नका. त्यासाठी तुम्ही तिसरी डोळ्यांची जोडी आहात. दहा हजारांच्या वर मग युनियन, पगार, घटस्फोट आणि निवृत्तीनंतरची बोट हे चार विषय आपोआप येतात. त्यांच्या कंपनीचा नवा करार तुमच्यापेक्षा चांगला असेल तर हेवा दाखवा, त्यांना बरं वाटतं. तुमचा चांगला असेल तर विषय बोटीवर न्या.

डब्यात बांगडा नेऊ नका. कॉकपिटची खिडकी उघडता येत नाही. निदान उडताना नाही.

तंटे

आधी नंबर कोणाचा? स्वतःच्या कंपनीचा वैमानिक असेल तर तो पहिला, हे सर्वमान्य. त्यांच्यातही काही ठिकाणी ज्येष्ठतेने, काही ठिकाणी जो आधी आला त्याचा. परक्यांमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी पहिला येईल तो पहिला. इथे चार पट्ट्यांचा परका कॅप्टन सहा महिन्यांच्या फर्स्ट ऑफिसरला ‘मी तीस वर्षं उडवतोय’ असं ऐकवतो. ऐकून घ्या, मान डोलवा, जागा सोडू नका. एजंटने ज्याचं नाव आधी घेतलं तो आधी.

या सगळ्यांच्या वर एफएए या अमेरिकी विमान नियामक संस्थेचा तपासनीस. तो ओळखपत्र दाखवून ऐनवेळी आला तर खुर्ची त्याची, तुम्ही खाली. वाद नाही.

मग वजन. उन्हाळ्यात डेन्व्हरसारख्या उंच ठिकाणी, किंवा लग्वार्डियासारख्या जेमतेम सात हजार फुटांच्या धावपट्टीवर, विमान जड झालं की सगळ्यात आधी जंपसीटर उतरतो. माणसं कशी आहेत ते इथे कळतं. एखादा कॅप्टन ‘सॉरी’ म्हणून वर बघतही नाही. दुसरा उठून गेटवर जातो, डिस्पॅचरला फोन लावतो, आकडे पुन्हा करायला सांगतो, थोडं इंधन कमी चालेल का विचारतो, आणि दार बंद व्हायच्या आत तुम्हाला हात धरून आत आणतो. ही दुसऱ्या प्रकारची माणसं या धंद्यात भरपूर आहेत. त्यांचं नाव लिहून ठेवा.

आणि मग जुनी वैरं. कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सचा संप १९८३ मध्ये सुरू झाला, युनायटेडचा १९८५ मध्ये २९ दिवस चालला, ईस्टर्नचा १९८९ मध्ये. संप फोडून ज्यांनी विमानं उडवली त्यांच्या नावांच्या याद्या झाल्या आणि वैमानिकांच्या बॅगांत फिरल्या. पुढे कित्येक वर्षं त्यातला कोणी जंपसीट मागायला आला की कॅप्टन यादी बघायचा आणि ‘नाही’ म्हणायचा. कोर्ट नाही, दंड नाही. फक्त माणूस आज घरी पोचत नाही. मला ही शिक्षा कोती वाटते, पण तिचा नेम चुकत नव्हता हे मान्य करायला हवं.

तुम्हाला कोणी नाही म्हटलं तर ‘ठीक आहे, कॅप्टन’ एवढंच म्हणून उतरा. गेटवर आवाज चढवू नका. युनियनची जंपसीट कमिटी असते, तिला कळवा. तुम्ही तिथे भांडलात तर तो कॅप्टन तुमच्या कंपनीचं नाव लक्षात ठेवतो आणि भुर्दंड तुमच्या सहकाऱ्यांना पडतो.

एवढा जाच कशाला, असं वाटलं तर त्या खुर्चीवर आधी कोण बसलं होतं ते आठवा. ७ एप्रिल १९९४ रोजी मेम्फिसहून निघालेल्या फेडएक्सच्या डीसी-१० मध्ये कंपनीचाच एक फ्लाइट इंजिनिअर फुकटचा प्रवासी म्हणून बसला. त्याच्या गिटारच्या केसमध्ये हातोडे आणि भाला फेकणारी बंदूक होती. तिघा वैमानिकांनी फुटलेल्या डोक्यांनी त्याच्याशी झुंजत विमान परत उतरवलं. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या एका विमानात जंपसीटवरच्या सुट्टीवरल्या वैमानिकाने दोन्ही इंजिनं बंद पाडणारे दांडे ओढायचा प्रयत्न केला. कॅप्टन दारात तुमच्याकडे दोन सेकंद जास्त रोखून बघतो, ते त्यामुळे.

उलटही घडलेलं आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड २३२ची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेली, तेव्हा प्रवाशांत बसलेला कंपनीचा प्रशिक्षक डेनिस फिच पुढे येऊन थ्रॉटल धरून राहिला; सू सिटीला विमान आदळलं, तरी २९६ पैकी १८४ जण वाचले. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरच्या ७३७ मॅक्सचं नाक आपोआप खाली जाऊ लागलं, तेव्हा कॉकपिटमधल्या जादा वैमानिकाच्या मदतीने क्रूने ट्रिमची यंत्रणा बंद केली आणि विमान जकार्ताला पोचलं. दुसऱ्या दिवशी तेच विमान समुद्रात कोसळलं, १८९ जण गेले. त्या दिवशी अशी मदत करणारं मागे कोणी नव्हतं.

पण हे सगळं अमेरिकेतलं. भारतात सुट्टीवर असताना ‘आमचा दादा कॉकपिटमध्ये बसवतो’ असं कोणाला कबूल करून बसू नका. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी दुबई-दिल्ली फ्लाइटमध्ये एका कॅप्टनने मैत्रिणीला आत बसवलं. डीजीसीए या आपल्या विमान नियामक संस्थेने त्याचं लायसन्स तीन महिने रोखलं आणि एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला.

झोपेबद्दल

जंपसीट तुम्हाला बेसवर पोचवते, झोपवत नाही. त्यासाठी क्रॅश पॅड: आठ-दहा वैमानिकांनी मिळून भाड्याने घेतलेलं, बंक खाटांनी भरलेलं घर. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या क्यू गार्डन्समध्ये ती इतकी आहेत की त्या भागाला गमतीने ‘क्रू गार्डन्स’ म्हणतात. स्वस्तातला प्रकार म्हणजे जी खाट रिकामी दिसेल ती. चादर स्वतःची न्या. फ्रिजमधल्या डब्यावर नाव लिहा, आणि तरीही डबा संपलेला असेल हे धरून चाला.

पण हे भाडंही जड जातं, म्हणून काही जण क्रू रूमच्या सोफ्यावर डुलकी काढून कामाला लागतात. इथे थट्टा थांबवतो. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्याची तरुण फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मेम्फिसमार्गे मालवाहू विमानांच्या जंपसीटवरून नेवार्कला आली होती, आणि क्रू रूममध्येच पडली होती. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनने विमान चुकीचं हाताळलं हे ठरलं. तरी दोघेही दमलेले असणार असं चौकशीत नोंदवलं गेलं. एक दिवस आधी निघा. ज्या फ्लाइटने जायचं तिच्यामागे आणखी दोन फ्लाइट असल्याच पाहिजेत. शेवटच्या फ्लाइटच्या भरवशावर निघालेला माणूस नंतर चीफ पायलटच्या केबिनमध्ये भेटतो.

उतरताना पुन्हा कॉकपिटशी थांबा आणि आभार माना. प्रवासी उतरत असतील तर कडेला उभं राहून.

आता इतकं सगळं टाळायचा एकच खात्रीचा उपाय तुम्हाला प्रत्येक म्हातारा कॅप्टन सांगेल: बेसच्या गावातच राहा. सल्ला अगदी बरोबर आहे. फक्त घराच्या कागदांवर सही करण्याआधी एवढं तपासा की कंपनी तो बेस ठेवणार आहे का. पिट्सबर्गचा हब यूएस एअरवेजने २००४ साली गुंडाळला, मेम्फिसचा डेल्टाने २०१३ साली.