इकायची न्हाई!

नेसरीच्या एसटी स्टँडसमोर यामाहा आरएक्स 100 लावून चहाला बसलेल्या माणसाला चहा कधी निवांत मिळत नाही. दुसऱ्या घोटाला कुणीतरी शेजारी येऊन बसतंच. “दादा, गाडी इकायची हाय का?” विचारणारा कधी गडहिंग्लजचा असतो, कधी आजऱ्याचा, तर कधी थेट बेळगावचा. उत्तर ठरलेलं. “न्हाई.” खरं तर बोलणं तिथंच संपायला हवं. पण विचारणारा आकडा सांगतो, मालक नुसता हसतो, मग चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरून दोघांची झटापट होते. गाडी जागची हलत नाही. किंमत मात्र तेवढ्यात पाच हजारांनी चढलेली असते.

नेसरी म्हटलं की उभ्या महाराष्ट्राला 24 फेब्रुवारी 1674 आणि प्रतापराव गुजरांसह सात घोडेस्वार आठवतात. त्याच खिंडीच्या वाटेवर आज ज्या दुचाकीला मान आहे, तिच्या पोटात कागदोपत्री अकरा घोडे आहेत. इंजिन 98 सीसीचं, टू-स्ट्रोक. वजन जेमतेम 103 किलो, म्हणजे एखादा धट्टाकट्टा पैलवान मागे बसला तर गाडीपेक्षा ओझंच जड. गिअर चार, ब्रेक दोन्ही चाकांना ड्रमचे, आणि सेल्फ स्टार्टरचं नाव काढायचं नाही. एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या जोडीनं ही गाडी 1985 साली आणली आणि धुराचे नियम कडक होत गेले तशी 1996 मध्ये ती बंद झाली. ज्या धुरानं तिचा घात केला, त्याच निळसर धुराचा वास आला की आज पन्नाशीतली माणसं डोळे मिटून उभी राहतात. प्रदूषणावर एवढं प्रेम दुसरीकडे कुठं बघायला मिळणार नाही.

गावातल्या अशाच एका मालकांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांची गाडी 1990 सालची. ती पडवीत म्हशीशेजारी उभी असते. ताडपत्री गाडीवर असते, म्हशीवर नाही. गिऱ्हाईक आलंच तर आण्णा आधी ताडपत्रीचं एकच टोक उचलतात, नुसती टाकी दाखवतात आणि समोरच्याचा चेहरा बघतात. मग आरसी बुक बाहेर येतं. इंजिनवरचा नंबर बोटानं पुसून बुकातल्या नंबराशी जुळवून दाखवला जातो. कार्बोरेटर मिकुनीचा, साईड कव्हर कंपनीचं, मडगार्ड कंपनीचं. डुप्लिकेट काय आहे, असं विचारलं तर आण्णा म्हणतात, “चालवणारा!” काकू आतून ओरडतात, “लग्नाचा फोटो कुठं ठिवलाय इचारा, सांगता येणार न्हाई. आरसी बुक झोपेत सांगतील.”

एवढं सगळं दाखवून झालं की आण्णा ताडपत्री ओढून घेतात. विकायची नाहीच.

जुन्या गाडीच्या किमतीचं गणित मोठं लबाड असतं. चांगली खपलेली गाडी महाग होते ती आठवणींमुळे, आणि न खपलेली महाग होते ती अपराधी भावनेमुळे. आरएक्सची थोरली बहीण राजदूत 350 एस्कॉर्ट्सनंच 1983 मध्ये बाजारात आणली होती. दोन सिलिंडर, पळायला वारा. पण पेट्रोल प्यायची भरमसाट, पार्ट महाग. मायलेज विचारणाऱ्या देशात ती टिकणार कशी? काही वर्षांत गाशा गुंडाळला. तेव्हा जिच्याकडे लोकांनी पाठ फिरवली, तिच्यासाठी आता तेच लोक लाखांच्या गोष्टी करतात. अमेरिकेत 1971 सालची प्लायमाउथ हेमी कुडा, उघड्या टपाची, अशीच कुणी फारशी घेतली नाही. जेमतेम डझनभर बनल्या. त्यातली एक 2014 मध्ये सिअॅटलच्या लिलावात 35 लाख डॉलरला गेली. प्लायमाउथ हा ब्रँड मात्र त्याच्या कितीतरी आधीच बंद पडला होता.

तिथल्या कंपन्या मात्र हुशार झाल्या आहेत. फोर्डनं आपली जीटी विकताना गिऱ्हाइकाकडून लिहूनच घेतलं की दोन वर्षं गाडी विकायची नाही. जॉन सीना या पैलवानानं साडेचार लाख डॉलरहून जास्त मोजून ती घेतली आणि थोड्याच दिवसांत विकून मोकळा झाला. फोर्डनं 2017 मध्ये त्याला कोर्टात खेचलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली. कोल्हापूरकडच्या माणसाला यात एकच गोष्ट कळत नाही. गाडी विकू नको, हे पैलवानाला लिहून द्यायला लागतं?

आण्णांच्या जातीचा माणूस अमेरिकेतही होता. ‘बुलिट’ या 1968 च्या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीननं पळवलेली हिरवी मस्टँग त्यानं 1974 मध्ये 6,000 डॉलरला घेतली. 1977 मध्ये खुद्द मॅक्वीननं पत्र लिहून गाडी परत मागितली. त्यानं दिली नाही. त्याची बायको त्याच गाडीनं शाळेत शिकवायला जायची. शेवटी 2020 च्या जानेवारीत घरच्यांनी ती लिलावात काढली, तेव्हा 37 लाख 40 हजार डॉलर आले. हा आकडा आण्णांना सांगितला तर ते हळहळले. “एवढी वर्सं सांभाळली आणि इकली?”

आण्णांच्या मुलाचं म्हणणं वेगळं. केंद्र सरकारनं 2021 मध्ये नियम काढलाय. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेजचा दर्जा आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. नोंदणीला 20,000 रुपये. आण्णांची गाडी 2040 मध्ये त्यात बसेल, भाव आणखी वाढेल, तेव्हा बोरिंगचं काम काढून मूळ रूप बिघडवू नका, असं त्यानं बजावलंय. फक्त अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यायची.

“म्हंजे डेअरीला न्यायची न्हाई?”

“न्हाई.”

आण्णांनी बोटं मोजली. तेव्हा ते ब्याऐंशीचे असतील. “चालतंय की,” ते म्हणाले. “किक तू मारायचीस. आन् डेअरीपतूर रॅली काढायची.”