न्यू जर्सीत मेल उघडण्यासाठी नागपुरात करावयाची तयारी

सोनेगावच्या विमानतळावरून दोहामार्गे लेकाकडे निघालेल्या नागपूरकर आईबाबांच्या बॅगा आधी आठवडाभर वजनकाट्यावर चढत-उतरत असतात. संत्राबर्फी गेलीच पाहिजे, सावजी मसाला गेलाच पाहिजे, म्हणून बाबांचा स्वेटर बाहेर निघतो. मोबाइलकडे कोणी पाहत नाही. तो खिशात असतो आणि ‘चालूच तर आहे’ अशी घरातल्या सर्वांची समजूत असते. सदर मार्गदर्शन त्या समजुतीसाठी आहे.

मूळ सिद्धांत असा की, न्यू जर्सीत जो मेल उघडायचा, तो आधी नागपुरात उघडावा लागतो. निघायच्या निदान आठ दिवस आधी, पंखा पाचवर ठेवून, घरात कोणी कोणावर चिडलेलं नसताना बसावं.

सुरुवात पासवर्डच्या शोधाने करावी. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी जाहीर झालं तेव्हा अनेकांना ते एप्रिल फूल वाटलं. तुमचं खातं त्यानंतर केव्हातरी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुलाने काढून दिलं. पासवर्डही त्यानेच ठेवला. तो आजवर फक्त फोनच्या लक्षात राहिला आहे, माणसांपैकी कोणाच्याही नाही. मुलाला विचाराल तर ‘बाबा, तुम्हीच बदलला होता ना?’ असं उत्तर येईल. वाद घालू नये, पासवर्ड नवा करून मोकळं व्हावं. त्याच बैठकीत खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडलाय तेही पाहावं. तो बहुधा ऑफिसने दिलेला, निवृत्तीच्या दिवशी नारळ-शाल घेऊन परत केलेला नंबर निघेल.

आता मुख्य प्रकरण. गूगलचा स्वभाव संशयी आहे. प्रतापनगरातून रोज तर्री पोह्याच्या वेळेला उघडणारं खातं एकाएकी दोह्यात उघडलं आणि लगेच एडिसनमध्ये उघडू लागलं, की त्याला चोरीचा वास येतो. ‘हे तुम्हीच का?’ असं ते विचारतं आणि खात्री करायला भारतातल्या नंबरवर ओटीपी पाठवतं. त्या नंबरचं सिम मात्र मुलाने विमानतळावरून घरी जाताना गाडीतच काढलेलं असतं, तिथलं सिम घालायला. पिन सापडत नाही म्हणून आईच्या कानातल्या टॉपच्या दांडीने. काढलेलं सिम मग चष्म्याच्या घरात, कुंकवाच्या डबीत किंवा ‘इथंच तर ठेवलं होतं’ या सुप्रसिद्ध जागी जातं.

तस्मात, दोन सिमचा फोन न्यावा आणि भारतीय सिमला हात लावू देऊ नये. आंतरराष्ट्रीय रोमिंग नागपुरात असतानाच चालू करून घ्यावं. डेटा रोमिंग तेवढं बंद ठेवावं, नाहीतर दोह्यात उतरताच फोन तुमच्या नकळत नातवाच्या बारशाचे फोटो ढगात चढवू लागेल. पॅक घेतलेलं नसलं तरी रोमिंगवर येणारा मेसेज सहसा फुकट असतो. येणारा कॉल तसा नसतो. हा फरक स्वतःला समजून उपयोग नाही, तो नातेवाइकांना समजवावा लागतो. रात्री दोन वाजता वर्ध्याहून मामांचा फोन येतो, ‘काऊन भाऊजी, झोपून राहिले का?’ तिकडे उन्हाळ्यात तेव्हा सकाळचे साडेअकरा झालेले असतात, त्यांचा बिचाऱ्यांचा दोष नाही. पण या चौकशीला तुमच्या खिशातून मिनिटाच्या हिशोबाने पैसे जातात.

हँडसेट जुना असेल तर त्याची वेगळी मनधरणी करावी. पूर्वी आपल्याकडचे फोन ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवर चालत, अमेरिकेत लागत ८५० आणि १९००. त्यामुळे आपला साधा फोन तिथे केवळ घड्याळ म्हणून वापरता येई, आणि तेही नागपूरची वेळ दाखवी. आता फोन शहाणे झाले, पण २०२२ साली तिथल्या बड्या कंपन्यांनी थ्रीजी बंद करून टाकलं. फोरजीवरून बोलण्याची सोय नसलेला फोन तिकडे पुन्हा घड्याळच होतो.

यापुढचा मुद्दा फार कोणी सांगत नाही. ट्रायच्या नियमाने प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. अमेरिकेत आईबाबांना साधारणपणे राहायला मिळतात सहा महिने. म्हणजे नातू रांगायला लागायच्या सुमारास इकडे तुमचा नंबर गेलेला असतो, आणि यथावकाश तो दुसऱ्याच कोणाला मिळतो. मग तुमच्या पेन्शन खात्याचे ओटीपी गोंदियातला एखादा अनोळखी गृहस्थ सकाळच्या चहाबरोबर वाचू लागतो. तेव्हा रिचार्जची तारीख देवघरात लावून यावी.

गूगल दहा बॅकअप कोडही देतं, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून घ्यायचे असतात. बरेच जण त्यांचा फोटो काढून स्वतःलाच मेल करतात आणि निर्धास्त विमानात बसतात. तसं न करता ‘कालनिर्णय’च्या मागे, दुधाच्या हिशोबाखाली लिहावेत. एकादशी चुकू नये म्हणून ते सोबत जाणारच आहे. सिम किंवा नेटवर्कशिवाय चालणारं ऑथेंटिकेटर ॲप उत्तमच, फक्त त्यातला कोड दर ३० सेकंदांनी बदलतो. साठीनंतर तेवढ्या वेळात चष्माही सापडत नाही.

इतकं करूनही काहींचं सिम नागपुरातच राहतं, जुन्या फोनात, शेजारच्या काकूंकडे. ही पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे.

‘काकू, मेसेज आला का?’

‘आला बाप्पा, पण चष्मा कुठं ठेवला तेच पाहून राहिली.’

चष्मा सापडेस्तोवर ओटीपीची मुदत संपते. दुसरा येतो. काकू पहिलाच वाचून दाखवतात. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्यही त्या मोठ्याने वाचतात, कारण ते मेसेजमध्येच लिहिलेलं असतं आणि काकू काही गाळत नाहीत.

तिसऱ्या खेपेस मेल उघडतो. आत काय असतं? साडीचा सेल, लकी ड्रॉ, एका निवृत्त मित्राने फॉरवर्ड केलेलं गुडघेदुखीवरचं पथ्य, आणि नागपूरच्या कुलूपबंद घराचं वीजबिल. मुदत आज संपते. ते भरायला बँकेचं ॲप उघडावं लागतं, ॲप ओटीपी मागतं, आणि तोवर काकू फोन घरी चार्जिंगला लावून शेगावला गेलेल्या असतात.